धावपळीत साधनेला वेळ कुठून आणायचा? लोकलच्या भजनी मंडळाकडे उत्तर आहे, पण अर्धंच

माझे बाबा निवृत्त झाले आणि दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी बोरिवली ते चर्चगेट असा तीन महिन्यांचा पास काढला. ऑफिस संपलं होतं, मस्टर संपलं होतं. तरी सकाळी आठच्या सुमाराची गाडी ते पकडायचे, चर्चगेटला उतरून एक कटिंग प्यायचे आणि परत यायचे. आईने एकदा विचारलं, "अहो, रोज जाता कुठे?" बाबा म्हणाले, "मंडळात."

मंडळ म्हणजे त्यांच्या डब्यातलं भजनी मंडळ. बावीस वर्षं एकच डबा, तीच दहा-बारा माणसं, दोन टाळांच्या जोड्या आणि डब्याच्या पत्र्यावर धरलेला ठेका.

मी इंजिनिअरिंग केलं आणि नोकरी मात्र बातम्यांची धरली. रोज बोरिवली ते अंधेरी लोकल, अंधेरी ते घाटकोपर मेट्रो आणि पुढे डिजिटल डेस्कच्या फिरत्या पाळ्या. बाबांकडे होती तशी ठरलेली गाडी माझ्याकडे नाही, ठरलेली माणसंही नाहीत. फोनमध्ये ध्यानाचं एक अॅप तेवढं होतं. त्याचं काय झालं ते आधी सांगतो, कारण या लेखाची सुरुवात तिथूनच झाली.

नेमकी अडचण काय आहे?

'पहाटे चार वाजता उठा, तासभर ध्यान करा, आयुष्य बदलेल' असे व्हिडिओ तुमच्याही फोनवर येत असतील. सल्ला वाईट नाही. पण रात्रपाळी संपवून एक वाजता घरी पोहोचणाऱ्या माणसाने पहाटे चारला उठायचं कसं, हे त्यात कुणी सांगत नाही.

मी अॅपवर रोज पंधरा मिनिटं बसायला लागलो. सलग एकेचाळीस दिवस झाले. बेचाळिसाव्या दिवशी निवडणुकीच्या निकालाची ड्युटी होती. घरी आलो तेव्हा तारीख बदलली होती आणि अॅपवर पुन्हा शून्य दिसत होतं. त्या शून्याचा मला इतका राग आला की मी अॅपच काढून टाकलं. मन शांत व्हावं म्हणून घेतलेल्या गोष्टीमुळे मी रात्री दीड वाजता चिडून बसलो होतो.

नंतर लक्षात आलं की साधनेला मी कामांच्या यादीतलं आणखी एक काम करून ठेवलं होतं. आधीच भरलेल्या दिवसात ते वरून कोंबलं होतं. भरलेल्या डब्यात शेवटी चढणारा माणूस सगळ्यात आधी बाहेर फेकला जातो, तसंच त्याचं झालं.

लोकलची भजनी मंडळं हे कसं जमवतात?

मुंबईच्या लोकलमधून रोज ७० लाखांहून अधिक लोक प्रवास करतात. या गर्दीत पश्चिम आणि मध्य दोन्ही मार्गांवर भजनी मंडळं गेली कित्येक दशकं टिकून आहेत. रूपाच्या अभंगाने सुरुवात होते, मग गवळण, एखादा गजर, आणि उतरायची वेळ जवळ आली की भैरवी. दादर गेलं की भैरवी सुरू, हे बाबांच्या मंडळाचं घड्याळ होतं. दसऱ्याला डब्याला तोरण लागतं, पूजा होते, पेढे वाटले जातात.

यात इंजिनिअरच्या नजरेला एक गोष्ट दिसते. या माणसांनी साधनेसाठी वेगळा वेळ काढलेलाच नाही. प्रवास तर करायचाच होता, त्या तासाला त्यांनी भजन जोडलं. गाडी ठरलेली असल्यामुळे 'आज करू की उद्या' हा प्रश्नच येत नाही. कंटाळा आला तरी गाडी पकडावी लागते, आणि गाडी पकडली की मंडळ समोर असतंच. एखादा दिवस दिसला नाहीत तर कुणीतरी विचारतं, "काय हो, बरं नव्हतं का?"

मी याला खुंटी म्हणतो. भिंतीत आधीपासून ठोकलेल्या खुंटीला पिशवी अडकवली की ती रोज हातात धरून उभं राहावं लागत नाही. माझ्या अॅपला अशी खुंटीच नव्हती. ते माझ्या इच्छाशक्तीच्या भरवशावर लटकत होतं आणि इच्छाशक्ती रात्री एक वाजता संपलेली असते.

हे 'शॉर्टकट' अध्यात्म नाही का?

हा आक्षेप मी मित्रांकडून ऐकतो. खरी साधना म्हणजे एकांत, आसन, तासन्‌तास बैठक. लोकलमध्ये लटकत घेतलेलं नाम म्हणजे नुसती मनाची समजूत, असं त्यांचं म्हणणं.

मराठी परंपरेत या आक्षेपाला जुनं उत्तर आहे. वारकरी संतांच्या नावांकडेच पाहा. गोरा कुंभार, सावता माळी, सेना न्हावी, नरहरी सोनार. नावातच धंदा आहे. जनाबाईंची आठवण निघते ती जात्यासोबत. सावता महाराज सोलापूर जिल्ह्यातल्या अरणचे. ते मळा सोडून पंढरपूरला कधी गेलेच नाहीत, विठ्ठलच त्यांना भेटायला मळ्यात आला, असं परंपरा सांगते. कथा म्हणून घ्या, पण ती सातशे वर्षं सांगितली जाते आहे हे महत्त्वाचं. काम सोडून देवाकडे जायचं नाही, कामाच्या जागी त्याला बोलवायचं, हा विचार इथे मुख्य प्रवाहातला आहे. गोंदवलेकर महाराजांनीही (१८४५-१९१३) प्रापंचिक माणसांना संसार न सोडता नाम घ्यायला सांगितलं.

आणि रोज जमलं नाही तर? त्यालाही मराठीत एक सुंदर उदाहरण आहे. १९३२ मध्ये विनोबा भावे धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात त्यांनी दर रविवारी सोबतच्या कैद्यांना गीतेच्या एका अध्यायावर प्रवचन दिलं. अठरा रविवार, अठरा अध्याय. साने गुरुजींनी ती उतरवून घेतली म्हणून आज 'गीता प्रवचने' आपल्या हाती आहे. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, एवढ्यावरही एक मोठं काम उभं राहिलं.

बाकीच्या परंपरा वेळेचं गणित कसं बसवतात?

उपनगरात एका चाळीत, एका टॉवरमध्ये चार धर्मांची माणसं राहतात. त्यामुळे हे पाहायला लांब जावं लागत नाही.

घाटकोपर आणि मुलुंडमध्ये जैन कुटुंबं मोठ्या संख्येने आहेत. त्यांचं सामायिक असतं ४८ मिनिटांचं, म्हणजे दोन घटिका. तेवढा वेळ एका जागी बसायचं, व्यवहार बाजूला ठेवायचा. माझ्याबरोबर काम करणारा अंधेरीचा एक सहकारी दिवसात पाच वेळा नमाज पढतो. त्याच्या वेळा सूर्याप्रमाणे बदलतात, तरी ऑफिसच्या चहाच्या सुट्टीशी त्याने त्यातल्या दोन बरोबर जुळवल्या आहेत. बुधवारी माहीमच्या सेंट मायकल चर्चच्या नोव्हेनाला सगळ्या धर्मांचे लोक जातात. कित्येक जण ऑफिसला जाता-येता मध्येच उतरतात.

बोरिवलीहून गोराईची खाडी ओलांडली की ग्लोबल विपश्यना पॅगोडा आहे. ८ फेब्रुवारी २००९ रोजी तो खुला झाला. त्याच्या मधल्या घुमटाला एकही खांब नाही आणि आत सुमारे ८,००० माणसं एका वेळी ध्यानाला बसू शकतात. विपश्यनेचं माप मात्र मोठं आहे. आधी दहा दिवसांचं मौन शिबिर, नंतर रोज सकाळ-संध्याकाळ एकेक तास. ज्यांना ते जमतं त्यांच्याबद्दल मला आदर आहे. माझ्यासारख्याला आज ते जमणार नाही, हे कबूल केलेलं बरं. न जमणारं मोठं माप घेऊन महिन्याभरात सोडण्यापेक्षा जमणारं लहान माप घेऊन टिकवलेलं मला पटतं.

या सगळ्यांत एक धागा सारखा आहे. प्रत्येकाने साधना सूर्याला, वाराला, घटिकेला किंवा गाडीला बांधलेली आहे. 'वेळ मिळेल तेव्हा' असं कुणीच म्हणत नाही.

विज्ञान याबद्दल काय सांगतं?

दोन अभ्यास इथे उपयोगी आहेत.

पहिला सवयींचा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना एक छोटी कृती निवडून ती रोज एका ठरलेल्या प्रसंगाला जोडायला सांगितली. उदाहरणार्थ, नाश्त्यानंतर अमुक करायचं. २०१० मध्ये हा अभ्यास छापून आला. कृती आपोआप व्हायला सरासरी ६६ दिवस लागले, पण माणसागणिक फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. मला सगळ्यात दिलासा देणारा निष्कर्ष पुढचा आहे. एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. म्हणजे अॅपवरचं ते शून्य खोटं होतं. एकेचाळीस दिवसांचं काम एका रात्रीत वाहून जात नाही.

दुसरा अभ्यास श्वासाचा. इटलीतले डॉक्टर लुसियानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तो मांडला. २३ निरोगी व्यक्तींना लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना आणि 'ओम मणी पद्मे ओम' हा मंत्र म्हणायला लावला. दोन्ही वेळा श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहापर्यंत उतरली आणि हृदयाच्या ठोक्यांच्या लयीवर त्याचा अनुकूल परिणाम दिसला. अभ्यास छोटा आहे, त्यावरून चमत्काराचे दावे करू नयेत. पण संथ लयीत काही म्हटलं की श्वास लांबतो आणि शरीर जरा सैल पडतं, हे त्यातून दिसतं. देव मानत नसाल तरी श्वास तुमचाच आहे. नामाच्या जागी आकडे मोजले तरी चालतील.

मग आपली खुंटी शोधायची कशी?

रोज न चुकता घडणारी एक गोष्ट निवडा आणि तिला एक छोटी कृती बांधा. उपनगरातल्या दिवसात अशा जागा बऱ्याच आहेत.

• स्लो लोकल : बोरिवली ते अंधेरीमध्ये कांदिवली, मालाड, गोरेगाव, राम मंदिर आणि जोगेश्वरी अशी पाच स्टेशनं लागतात, म्हणजे सहा टप्पे. प्रत्येक टप्प्यात दहा संथ श्वास किंवा मनातल्या मनात नाम. स्टेशनांचीच जपमाळ होते. मी हेच करतो. साधारण गोरेगावपर्यंत मन ऑफिसात असतं, जोगेश्वरीला कुठे श्वासावर येतं.

• मेट्रो : वर्सोवा ते घाटकोपर हा ११.४ किलोमीटरचा मार्ग साधारण २१ मिनिटांचा. ज्ञानेश्वरांचा हरिपाठ म्हणजे जेमतेम २७-२८ अभंग. सगळे एका फेरीत झाले नाहीत तरी दोन-चार शांतपणे वाचून होतात. हरिपाठाच्या जागी कुराण, बायबल, धम्मपद किंवा आवडत्या कवीचं पान असू शकतं.

• कुकर : तीन शिट्या होईपर्यंत फोन हातात घ्यायचा नाही. ओट्यापाशी नुसतं उभं राहायचं. ऐकायला सोपं वाटतं, करून पाहा.

• रात्रीचं चार्जिंग : फोन चार्जिंगला लावताना पसायदान म्हणायचं. नऊ ओव्या आहेत, दोन मिनिटंही लागत नाहीत. पाठ नसेल तर आज ज्याच्याशी आपण वाकडं बोललो त्याची एकदा आठवण काढायची.

दोन पथ्यं पाळा. दारात लटकताना, रूळ किंवा रस्ता ओलांडताना, गाडी चालवताना यातलं काहीही नको. तिथे डोळे आणि कान बाहेरच हवेत. आणि झोप उडाली असेल, आठवडेच्या आठवडे मन उदास असेल तर नामस्मरणावर भागवू नका. डॉक्टरकडे जा, किंवा सरकारच्या टेलिमानस हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा.

आता त्या उरलेल्या अर्ध्या उत्तराबद्दल

इथपर्यंतचा लेख मी घरी वाचून दाखवला. बाबा खूश झाले. आई भाजी निवडत होती. ती म्हणाली, "बावीस वर्षं त्यांचं मंडळ चाललं ते माझ्या पाचच्या गजरावर."

खरं होतं. बाबांना साडेसातला घर सोडता यावं म्हणून आई पाचला उठायची. पाणी भरायचं, डबा करायचा, आमची शाळेची तयारी. बाबा डब्यात टाळ हातात घ्यायचे तेव्हा आई धुण्याला बसलेली असायची. तिच्या वाट्याला तिन्हीसांजेचा दिवा आणि शुभंकरोती एवढं यायचं, तेही आम्हाला म्हणायला लावण्यासाठी. तिलाही खुंट्या होत्या, पण प्रत्येकीवर दुसऱ्या कुणाची तरी पिशवी लटकलेली.

हे एका घरापुरतं नाही. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात, तर घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं. जवळजवळ साडेतीन तासांचा फरक आहे. सामायिकाच्या हिशोबाने चार सामायिकं त्यात बसतात. मग 'बायकांनाही ध्यान करा म्हणावं' असा सल्ला देण्यात अर्थ नाही. आधी त्यांच्या वेळेवरची आपली पिशवी उचलायला हवी.

दुसरा मुद्दा आवाजाचा. डब्यातल्या भजनाबद्दल प्रवाशांच्या तक्रारी नव्या नाहीत. कुणी रात्रपाळी करून आलेलं असतं, कुणाचं डोकं दुखत असतं, कुणाचा धर्म वेगळा असतो, कुणाला परीक्षेआधी शेवटची उजळणी करायची असते. रेल्वे कायद्याच्या १४५ व्या कलमानुसार डब्यात उपद्रव करणं आणि सहप्रवाशांच्या आरामात बाधा आणणं हा गुन्हा आहे. बाबांनी मला स्वतःच सांगितलं की त्यांच्या मंडळातही मागच्या स्टेशनवर चढणारे पुढच्यांसाठी रुमाल टाकून जागा अडवायचे. "भजन करणाऱ्यालाही सीटचा मोह सुटत नाही रे," असं ते हसत म्हणाले. मला मात्र त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. ज्या बाकावर विठ्ठलाचं नाव घ्यायचं, तो बाक आधी दुसऱ्याच्या हक्कावरून ओढून घ्यायचा, हे बसत नाही. फोनवर मोठ्याने प्रवचन लावणाऱ्यालाही हेच लागू. इअरफोन घाला.

माझं मत आता असं झालं आहे. धावपळीतली साधना खरी आहे का, हे ओळखायला दिवसांची साखळी मोजू नये. आपल्या त्या दहा मिनिटांची किंमत कोण मोजतं आहे, ते पाहावं. ती बायको, आई, सून किंवा शेजारचा प्रवासी मोजत असेल तर हिशोब चुकला आहे, टाळ कितीही सुरात वाजोत. मंडळाने मला वेळ जोडायला शिकवलं. तो वेळ कुणाच्या खात्यातून येतो, हे विचारायला आईने शिकवलं. दोन्ही मिळून उत्तर पूर्ण होतं.

सुरुवात एवढीच करा

आज एक खुंटी निवडा. कृती पाच मिनिटांच्या आतली ठेवा. चुकली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करा, हिशोब ठेवू नका. आणि आठवड्यातून एकदा घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याचं काम स्वतःकडे घ्या, म्हणजे त्या व्यक्तीला तिची खुंटी मोकळी मिळेल.

आमच्या सोसायटीत दर गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला बायकांचा हरिपाठ असतो. तो गेली आठ वर्षं चालू आहे. आई यंदा पहिल्यांदा सलग जाऊ लागली आहे. गुरुवारची सुट्टी मी मागून घेतली. भात आणि आमटी माझ्याकडे, पोळ्या बाबा आणतात समोरच्या पोळीभाजी केंद्रातून. मागच्या गुरुवारी आमटी खारट झाली होती. आई साडेआठला आली, जेवली, मिठाबद्दल एक शब्द बोलली नाही. भांडी घासायला उठली तेव्हा बाबा म्हणाले, "असू दे, मी घासतो."